नाटकवेड्या माणसाच्या आठवणी ध्वनिमुद्रित कशा कराव्यात

संगीत नाटकाचा लेखक कोण, पदांना चाली कुणी दिल्या, पहिला प्रयोग कोणत्या साली झाला, हे छापलेलं सापडतं. गोव्यातल्या कवळ्याच्या जत्रेत तेच नाटक रात्री किती वाजता सुरू झालं, गावच्या हौशी नटाने कोणतं पद गाळलं, वन्समोअर कुठल्या ओळीवर आला आणि ऑर्गनवाला कोणत्या बाजूला बसला होता, हे मात्र कुठेच छापलेलं नसतं. ते पन्नास-साठ वर्षं मांडवात बसून नाटकं पाहिलेल्या माणसाच्या डोक्यात असतं. गोव्यात अशी माणसं अजून बरीच आहेत आणि बहुतेक ऐंशीच्या पुढची आहेत. घरातल्या किंवा वाड्यावरच्या अशा काकांच्या, आजींच्या आठवणी नीट टिपून ठेवायच्या असतील तर पुढची रीत उपयोगी पडेल.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. या कामातली सगळ्यात मोठी अडचण विसरण्याची नाही, मिसळण्याची आहे. माणसाने नाटक एकदा पाहिलेलं असतं. त्यातलं पद पुढे तबकडीवर, आकाशवाणीवर, कॅसेटवर आणि आता मोबाइलवर शेकडो वेळा ऐकलेलं असतं. म्हणून तो जे गाऊन दाखवतो ते बहुतेक वेळा ध्वनिमुद्रिकेतलं असतं आणि त्याला स्वतःला ते मंचावरचं वाटतं. या दोन थरांना वेगळं करणं हेच तुमचं खरं काम. बाकी सगळी तयारी त्यासाठीच.

साधन

वेगळा रेकॉर्डर असला तर उत्तम, नसला तर साधा मोबाइल चालतो. मात्र मोबाइलमध्ये आधीपासून असलेलं ध्वनिमुद्रणाचं ॲप तसंच वापरू नका. बऱ्याच फोनमध्ये गोंगाट कमी करण्याची सोय आपोआप चालू असते. तिला सतत एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट वाटतो, त्यामुळे तंबोऱ्याचा किंवा पेटीचा धरलेला सूर ती खाऊन टाकते आणि लांबवलेला आकार मध्येच विरल्यासारखा ऐकू येतो. ज्या ॲपमध्ये ही सोय बंद करता येते आणि आवाजाची पातळी हाताने ठरवता येते तेच घ्या. पातळी आपोआप ठरत असेल तर बोलणं आणि गाणं यांतला चढउतारच नाहीसा होतो.

मुद्रण डब्ल्यूएव्ही स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर ठेवा. एका चॅनेलला तासाला साधारण ५०० एमबी जागा लागते, म्हणजे फोनमध्ये निदान ४ जीबी मोकळी हवी. एमपीथ्री पुढे हवी तेव्हा करता येते, उलट करता येत नाही. पातळी ठरवताना बोलण्यावर जाऊ नका. काकांना एखाद्या पदाची पहिली ओळ मोठ्याने म्हणायला सांगा आणि त्यातला सगळ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. बोलताना पुटपुटणारा माणूस नांदी म्हणताना अंगणाच्या टोकाला ऐकू जाईल इतका आवाज लावतो, आणि एकदा फाटलेला आवाज नंतर कशानेही सांधता येत नाही.

माईक कॉलरला लावायचा असेल तर हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा. फोन टेबलावर ठेवायचा असेल तर खाली चौघडी केलेला टॉवेल घाला, कारण नाटकवेडा माणूस बोलता बोलता टेबलावर ठेका धरतोच. फोन विमान मोडवर टाका. पंखा बंद करता येत नसेल तर निदान माईकची पाठ त्याच्याकडे करा. पावसाळ्यात पत्र्याच्या पडवीत बसूच नका. कौलाखालची आतली खोली, गादी-पडदे असलेली, सगळ्यात चांगली. फ्रिज शेजारच्या खोलीत असला तरी त्याची घरघर येते, तेवढा तास बंद ठेवा. बंद केलेल्या फ्रिजमध्ये तुमच्या गाडीची किल्ली ठेवा, म्हणजे तो परत चालू केल्याशिवाय तुम्हाला निघता येणार नाही. घरच्यांचं मासळीचं कालवण खराब झालं की दुसरी बैठक मिळत नाही.

पहिली बैठक

वेळ सकाळी दहाची. दुपारच्या जेवणानंतर गोव्यात कुणी वामकुक्षी सोडून तुमच्याशी बोलायला बसणार नाही, आणि बसला तरी मन लागणार नाही. एका वेळी पाऊण तास, फार तर एक तास. गाणं झालं तर त्याहून कमी, कारण घसा आधी दमतो आणि मग त्या खंतीने माणूस गप्प होतो.

काका घरी कोंकणीत बोलत असतील तर प्रश्न कोंकणीतच विचारा. इथल्या पुष्कळ घरांत नाटकातले संवाद आणि पदं मराठीत पाठ असतात, पण जत्रेला जाणं, भांडणं, थंडी, झोप हे सगळं कोंकणीतच आठवतं. मराठीत बोलायला लावलंत तर सभेतल्या भाषणासारखी सावध वाक्यं मिळतील.

‘तुम्हाला सगळ्यात आवडलेलं नाटक कोणतं?’ हा प्रश्न पहिल्या बैठकीत विचारू नका. त्याचं उत्तर ठरलेलं असतं आणि ते दहा वेळा सांगून गुळगुळीत झालेलं असतं. नाटकांच्या नावांऐवजी जागांपासून सुरुवात करा. मंगेशीला कुठे बसायचात? म्हार्दोळला रात्री उशीर झाला तर कुठे निजायचात, अग्रशाळेत (देवळाच्या धर्मशाळेत) की कुणाच्या घरी? जांबावलीच्या गुलालाच्या उत्सवाला मडगावहून कशाने गेलात? चटई घरून नेत होता का? सोबत कोण असायचं, कुणाला झोप लागायची? खाज्याचं दुकान कुठे होतं? माणूस जागेवर पोचला की नाटक आपसूक त्याच्या मागे येतं. मग फक्त यादी करा: जागा, निमित्त, नाटक. पहिल्या दिवशी पदं गायला सांगायची नाहीत. त्यांनी स्वतःहून म्हटलं तर अर्थातच थांबवायचं नाही.

घरातल्या दोन म्हाताऱ्यांना एकत्र बसवू नका. मोठा भाऊ बोलतो, धाकटा मान डोलावतो आणि धाकट्याची आठवण कायमची मोठ्याच्या रंगात बुडते. आधी वेगवेगळं बोला, शेवटच्या बैठकीत दोघांना समोरासमोर आणा. तेव्हा होणारा वाद फार उपयोगाचा असतो.

आजीला वेगळं विचारा आणि तिला वेगळं विचारण्यासारखं पुष्कळ असतं. बायका मांडवात बहुधा एका बाजूला बसत. मांडीवर पोर असल्यामुळे तिने दोन अंक पाहिले असतील, पण पाहिले ते बारकाईने: शालूचा काठ, अंबाड्यातली फुलं, दागिने खरे की जत्रेतले, स्त्री पार्ट करणाऱ्या पुरुषाचा पदर कसा सावरलेला होता. शेजारच्या घरात तालमी चालत असतील तर न पाहिलेल्या नाटकाची सगळी पदं तिला येत असतात. ‘मी काही जाणकार नाही’ असं ती तीनदा म्हणेल. तीनही वेळा दुर्लक्ष करा.

साल कसं ठरवायचं

‘कोणत्या साली?’ याचं उत्तर जवळपास नेहमी चुकतं. साल विचारायचं नाही, काढायचं.

गोव्यात त्यासाठी चांगल्या खुणा आहेत. पहिली खूण नदीची. पणजीला येताना मांडवी फेरीबोटीने ओलांडली की पुलावरून? पहिला पूल १९७० च्या सुमारास झाला, ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, आणि त्याच्या जागी नवा पूल १९९२ मध्ये आला. म्हणजे ‘पूल झाला होता, पण आम्ही बोटीने आलो’ असं कुणी सांगितलं तर ते मधल्या सहा वर्षांतलं असण्याची शक्यता मोठी. झुआरीवरचा पूल १९८३ चा, त्यामुळे मडगावहून पणजीच्या कला अकादमीत नाटकाला येणाऱ्यांसाठी तीही खूण चालते.

दुसरी खूण पैशांची. तिकीट रुपिया आणि टांगा या जुन्या चलनात सांगितलं तर पोर्तुगीज अमदानीतला जुना काळ. एस्कुद म्हटलं तर गोवा मुक्तीच्या अगोदरची शेवटची दोन-तीन वर्षंच, कारण ते चलन त्यापूर्वी इथे नव्हतं आणि १९ डिसेंबर १९६१ नंतर लवकरच गेलं. नवे पैसे म्हटलं तर मुक्तीनंतरचं.

तिसरी खूण सीमेची. १९५५ ते १९६१ या काळात भारत आणि गोवा यांच्यामधली ये-जा कडक निर्बंधांखाली होती. त्या वर्षांत मुंबईचा मोठा संच गावात आला होता असं कुणी सांगितलं तर लगेच खोटं म्हणू नका, पण त्या नोंदीवर प्रश्नचिन्ह टाका. बहुधा नाटक मुंबईचं आणि नट गावचे, असा प्रकार निघतो.

त्याखेरीज गॅसबत्ती की वीज, माईक टांगलेला होता की नव्हता, स्वतः कितवीत होता, बहिणीचं लग्न झालं होतं का, हे प्रश्न आहेतच. दोन-तीन खुणा एकमेकींवर बसल्या की साल एक-दोन वर्षांच्या आत येतं.

जत्रेचं नाटक असेल तर तिथी हाताशी असते. कवळ्याची शांतादुर्गेची जत्रा माघ शुद्ध पंचमीची, मंगेशीची माघ पौर्णिमेच्या सुमाराची, वास्कोचा सप्ताह श्रावण शुद्ध षष्ठीला सुरू होणारा, जांबावलीचा गुलाल फाल्गुनातला. देवळाच्या जुन्या पत्रिकेवर शके असेल तर चैत्रापासून डिसेंबर संपेपर्यंत ७८ मिळवा आणि जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंत ७९. शके १८८५ च्या माघातली जत्रा म्हणजे १९६४. माघातल्या नाटकांची सालं एका वर्षाने मागे पडलेली दिसतात ती याच कारणाने: सगळीकडे ७८ मिळवलेले असतात.

प्रत्येक नोंदीपुढे खात्रीचं अक्षर लिहा. कागदाचा पुरावा असेल तर ‘अ’, दोन खुणा जुळत असतील तर ‘ब’, नुसती आठवण असेल तर ‘क’. ‘क’ लिहायला लाजू नका. आत्मविश्वासाने लिहिलेल्या चुकीच्या सालापेक्षा प्रामाणिक ‘क’ पुढच्या माणसाला कितीतरी जास्त उपयोगी पडतो.

आठवण आणि इतिहास यांची टक्कर कधीतरी होणारच. मंगेशीचे गायक नट मास्टर दीनानाथ १९४२ मध्ये गेले. १९३८ मध्ये जन्मलेले काका त्यांचा ‘मानापमान’ मधला धैर्यधर पाहिल्याचं रंगवून सांगत असतील तर ते बहुधा वडिलांच्या तोंडून ऐकलेलं आहे. ते खोडू नका, बैठकीत फोन काढून तारीखही दाखवू नका. नोंदीत ‘वडिलांकडून आलेली’ असं लिहा. मंगेशीत दीनानाथांबद्दल वडिलांनी मुलाला काय सांगितलं, हीसुद्धा नोंदण्यासारखीच गोष्ट आहे. गेल्या काही वर्षांत आणखी एक भर पडली आहे ती सिनेमाची. बालगंधर्वांवरचा चित्रपट २०११ चा, ‘कट्यार काळजात घुसली’ वरचा २०१५ चा. मूळ ‘कट्यार’ मंचावर आलं १९६७ मध्ये. खाँसाहेबांच्या कपड्यांचा रंग, हवेलीची कमान, दिव्यांची आरास असले तपशील फार चकचकीत असतील तर ते कुठून आले हे हळूच विचारा.

पदं

इथे घाई केलीत तर सगळी मेहनत वाया जाते.

क्रम असा ठेवा: आधी पदाच्या अगोदरचं सांगायला लावा, मग पद, मग पदानंतरचं, आणि मूळ मुद्रिका सगळ्यात शेवटी. मुद्रिका आधी वाजवली की काका तिच्याच मागे जातात आणि मंचावरची आठवण त्या दिवसापुरती बंद होते. नवखे लोक नेमकं हेच करतात. आठवण यावी म्हणून आधी गाणं लावतात आणि नंतर ‘हुबेहूब गायले’ म्हणून खूश होतात.

पदाच्या अगोदरचं म्हणजे: कोणत्या वाक्यावर पद सुरू झालं? नट उभा होता की बसलेला? पहिला सूर नटाने लावला की ऑर्गनने दिला? ऑर्गनवाला प्रेक्षकांकडे पाठ करून बसला होता का? तबला कोणत्या बाजूला होता? समोर प्रॉम्प्टर दिसत होता का? या प्रश्नांची उत्तरं कुठल्याच तबकडीवर नसतात, म्हणून ती आली की समजावं, माणूस मांडवात पोचला आहे.

मग पद म्हणू द्या. आवडत्या पट्टीत, जेवढं येतं तेवढं. तंबोऱ्याचं ॲप लावायचं असेल तर आधी त्यांना एक ओळ मोकळी म्हणायला सांगा, त्यांचा षड्ज (सा) कुठे पडतो ते बघा आणि त्याच पट्टीवर ॲप लावा. तुम्ही काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) लावून बसलात तर तार षड्जाला आवाज चिरकेल आणि ते ‘आता गळा राहिला नाही’ म्हणून थांबतील. ठेका ॲपवर लावूच नका. म्हाताऱ्या माणसाची लय मध्ये थांबते, एखादी ओळ शोधते, पुन्हा धरते. ठेका थांबत नाही. हाताने टाळी देऊ द्या, तीही मुद्रित होऊ द्या.

आता चाळणी. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या दहा इंची तबकडीची एक बाजू साधारण सव्वातीन मिनिटांत संपायची. गायकाला त्यात मुखडा, अंतरा, चार ताना आणि शेवट बसवावा लागायचा. मंचावर तेच पद दहा-पंधरा मिनिटं चालायचं, वन्समोअर आला तर आणखी. तेव्हा काकांनी म्हटलेलं पद नेटकं तीन-साडेतीन मिनिटांत, ठरावीक तानांसह, ठरलेल्या जागी संपलं तर ते तबकडीचं समजा. अर्धंच आलं, एकच ओळ चार तऱ्हांनी आली, मध्ये ‘इथे लोकांनी डोक्यावर घेतलं’ असं सांगितलं, एखादा संवाद पदाच्या पोटात शिरला, तर ते मंचावरचं असण्याची शक्यता जास्त. एलपी (जास्त वेळ वाजणारी तबकडी) आणि कॅसेट आल्यावर ही मिनिटांची खूण चालत नाही, त्यामुळे साठच्या दशकानंतरच्या नाटकांना ती आंधळेपणाने लावू नका. तिथे वाद्यांवर लक्ष ठेवा. काका पदाआधीची सुरावट गुणगुणत असतील आणि त्यात सतार, व्हायोलिन, बासरी येत असेल तर ती बहुधा मुद्रिकेतली. गावच्या मांडवात ऑर्गन किंवा पेटी आणि तबला, फार तर एखादं व्हायोलिन.

वन्समोअरबद्दल नेमकं विचारा. किती वेळा, कुणी मागितला, पुन्हा पद कुठून उचललं, मुखड्यापासून की अंतऱ्यापासून? मेलेलं पात्र उठून पुन्हा गायलं का? हसण्यावारी नेऊ नका, अशी उत्तरं येतात.

पद ओळखताना छापील संहिता जवळ ठेवा, पण काकांच्या समोर नको. जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदावर राग, ताल आणि ‘चाल’ छापलेली असते. त्या काळी माहीत असलेल्या दुसऱ्या गाण्याची पहिली ओळ तिथे असते. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत असे पद्यप्रकारही वर लिहिलेले सापडतात. काकांची चाल पुस्तकातल्या रागाशी जुळत नसेल तर काका चुकले असं धरू नका. गावच्या तालीम मास्तरांनी नटाच्या गळ्याप्रमाणे चाल बदलणं ही नेहमीची गोष्ट होती, आणि तुम्हाला हवी आहे ती तीच बदललेली चाल. कधी एकाच नाटकात एकच पद दोन चालींत असतं. ‘कट्यार’ मधलं ‘घेई छंद मकरंद’ हे त्याचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण. अशा वेळी कोणतं पात्र गात होतं एवढं विचारलं की पुरतं.

राग ओळखता येत नसेल तर लिहू नका. चुकीचा राग एकदा नोंदीत शिरला की तो पुढे प्रत्येक नक्कलेत जातो. त्यापेक्षा ‘मुद्रण क्रमांक तीन, मिनिट १२ ते १५’ एवढंच लिहा, जाणकार ऐकून ठरवतील.

हौशी प्रयोगात काय गाळलं हा प्रश्न आवर्जून विचारा. ‘सौभद्र’ किंवा ‘संशयकल्लोळ’ गावात झालं तेव्हा सगळी पदं झाली असतील असं नाही. गाणारा नट एकच असेल तर त्याची पदं वाढायची, दुसऱ्याची जायची. पहाट व्हायला लागली की शेवटचा अंक पळवला जायचा. नटांमधल्या ओढाताणीचे किस्सेही इथेच निघतात. किस्से मुद्रित होऊ द्या, पण जी माणसं हयात आहेत किंवा ज्यांची मुलं त्याच गावात राहतात त्यांच्या खासगी गोष्टी उतरवून घेताना वगळा. गोव्याच्या रंगभूमीवरच्या कलावंत घराण्यांबद्दल बोलताना जुन्या पिढीच्या तोंडी हलके शब्द येतात. मूळ मुद्रण तसंच ठेवा, बाहेर देण्याच्या प्रतीत ते जाता कामा नये. ज्योत्स्ना भोळे बांदिवड्याच्या, रामदास कामत साखळीचे, जितेंद्र अभिषेकी मंगेशीचे. इथल्या घराघरांतून ही विद्या गेली आहे आणि ऐकणाऱ्यांत कुणाचं तरी घर असणारच.

कागद आणि कॅसेट

दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीपर्यंत घरातली पेटी उघडली जाते. हँडबिलं, जत्रेच्या पत्रिका, तिकिटांचे तुकडे, नटांनी पाठांतरासाठी उतरवलेल्या नकलांच्या वह्या, नटांचे फोटो. सगळं तिथेच, त्यांच्या टेबलावर टिपा. घरी न्यायला मागू नका. छापील कागदाला ३०० डीपीआय पुरे, फोटोंना आणि हातच्या लिखाणाला ६००. स्कॅनर नसेल तर खिडकीशेजारी, ऊन थेट न पडेल अशा जागी, फोन कागदाला समांतर धरून फोटो काढा, फ्लॅश नको. मागची बाजू प्रत्येक वेळी टिपा. हँडबिलाच्या पाठीवर कुणी तरी जमाखर्च लिहिलेला असतो आणि पेट्रोमॅक्सचं भाडं, ऑर्गनची बिदागी हे सगळं तिथेच सापडतं.

लॅमिनेशन करू नका. उष्णतेने शाई बिघडते आणि प्लास्टिक पुन्हा निघत नाही. गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपल काढा. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळू नका, तो कागद स्वतः आम्लधर्मी असतो आणि शेजाऱ्यालाही पिवळा करतो. आम्लरहित कागदाची पाकिटं मिळाली तर उत्तम. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी आणि कसर दोन्ही लागतात, म्हणून हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत करा आणि कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. बुरशी दिसली तर घरात झटकायची नाही. बाहेर नेऊन, तोंडावर मास्क बांधून, मऊ ब्रशने.

कॅसेटवर गावच्या नाटकाचं मुद्रण असेल तर ते सोन्याच्या मोलाचं, आणि पहिल्यांदा वाजवतानाच तुटण्याचा धोका सगळ्यात जास्त. आधी वरच्या कडेची दोन छोटी प्लास्टिकची जिभली मोडा म्हणजे चुकून पुसलं जाणार नाही. खिडकीतून फितीवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी, अशी कॅसेट यंत्रात घालू नका, जाणकाराकडे द्या. स्वच्छ असेल तर एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या, मगच वाजवा. प्लेअरचं हेड स्पिरिटने पुसलेलं असावं. सी-६० ची बाजू ३० मिनिटांची, सी-९० ची ४५ ची. तेवढाच वेळ मुद्रणाला लागतो, त्याला आडवाट नाही. आवाज दबलेला वाटला तर हेडचा कोन जुळत नसतो. हेडशेजारचा छोटा स्क्रू किंचित फिरवून ‘स’ आणि ‘श’ स्पष्ट होतील तिथे थांबवा. ज्याला हे जमतं त्याच्या शेजारी बसून एकदा बघा आणि मगच हात लावा.

तारीख पक्की करायची असेल तर पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं पाहता येतात. ‘गोमन्तक’ १९६२ पासूनचं, ‘नवप्रभा’ १९७० पासूनचं. जत्रेच्या तिथीवरून इंग्रजी तारीख काढून तिच्या आधीचा आठवडा चाळा. प्रयोगाचं परीक्षण क्वचितच सापडेल, जाहिरात किंवा दोन ओळींची बातमी सापडते आणि ‘क’ चा ‘अ’ होतो.

उतरवणं आणि देणं

एका तासाचं बोलणं हाताने उतरवायला सहा-सात तास लागतात, हे धरूनच बैठका आखा. बोलणं जसं आहे तसं, कोंकणी ती कोंकणीत, संवाद मराठीत. ‘अं’, ‘म्हणजे’ काढले तरी चालतील, पण ओळ आठवताना घेतलेला थांबा कंसात लिहा. पद अर्धवट आलं तर पुस्तकातून पूर्ण करून टाकू नका. पुस्तकातला पाठ हवा तर खाली वेगळा द्या. प्रत्येक पदापुढे तीनपैकी एक खूण असू द्या: मंचावर ऐकलेलं, मुद्रिकेवरून आलेलं, किंवा ठरत नाही. शेवटची खूण सगळ्यात जास्त वेळा पडेल.

फाइलला नाव देताना तारीख आधी, मग माणसाची आद्याक्षरं, मग बैठक क्रमांक. तीन प्रती हव्यात: एक संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक घराबाहेर. वर्षातून एकदा तिन्ही उघडून वाजवा, कारण न वापरलेली डिस्क कधी मरते ते कळत नाही.

संमती बोलण्याच्या सुरुवातीलाच मुद्रणात घ्या: नाव, आजची तारीख, कुणाला ऐकवायचं आणि कुणाला नाही. इंटरनेटवर टाकायचं असेल तर आणखी एक गोष्ट बघा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत त्याच्या शब्दांवर हक्क राहतो. किर्लोस्कर, देवल, गडकरी, खाडिलकर यांच्या संहिता त्यातून मोकळ्या झाल्या आहेत. साठच्या दशकात लिहिणाऱ्या बहुतेकांच्या नाहीत. ‘मत्स्यगंधा’ चं पद काकांनी ओटीवर बसून म्हटलं तरी शब्द वसंत कानेटकरांचे आणि चाल अभिषेकींची. घरच्या माणसांना ऐकवायला अडचण नाही, जाहीर ठिकाणी पूर्ण पद टाकायचं तर परवानगी घ्या. मागे मूळ मुद्रिका वाजत असलेला भाग कापूनच चढवा. तो राहिला तर पोर्टलचं यंत्र मुद्रिका ओळखून तुमची सगळी फीत बंद करतं, आणि काकांचं बोलणंही त्यात जातं.